उच्चारण : मेंदूतील नियंत्रण आणि ऱ्हासजन्य विकार

फुप्फुसांतून बाहेर पडणाऱ्या हवेला स्वरयंत्र, मृदुतालू (टाळूचा मागचा मऊ भाग), जीभ, ओठ आणि जबडा यांच्या हालचालींनी वर्णांचे रूप देण्याच्या क्रियेस उच्चारण म्हणतात. या हालचालींचे आदेश प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) प्रेरक बाह्यकातून, म्हणजे हालचालींचे आदेश देणाऱ्या बाहेरच्या थरातून, निघून मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभापर्यंत येतात आणि तेथून मुख्यतः पाचव्या, सातव्या, दहाव्या व बाराव्या मस्तिष्क-तंत्रिकांवाटे (मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांवाटे) स्नायूंना मिळतात. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये, जवळजवळ ‘तां’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या शवविच्छेदनावरून मेंदूच्या डाव्या ललाटखंडाकडे (कपाळामागच्या भागाकडे) लक्ष वेधले. तेव्हापासून त्या जागेला ‘वाणीचे केंद्र’ म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी तो अपुरा आहे. कारण हालचालींचा आवाका तलीय गंडिका (मेंदूत खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके), तर त्यांचा मेळ लहान मेंदू राखतो.

या यंत्रणेच्या ऱ्हासाने येणाऱ्या दोषास डिसार्थ्रिया म्हणतात. वाचाघातात भाषाच बिघडते. येथे मात्र शब्द आणि व्याकरण शाबूत असूनही बोलणे अस्पष्ट होते. तपासणीत रुग्णाला एका दमात ‘प-त-क, प-त-क’ असे भराभर म्हणायला लावतात. ‘प’साठी ओठ, ‘त’साठी जिभेचे टोक आणि ‘क’साठी जिभेचा मागचा भाग लागत असल्याने दोष कोठे आहे हे पुष्कळदा कानांनीच कळते. कंपवातात (पार्किन्सन रोगात) अक्षरे एकमेकांत मिसळतात व आवाज खाली जातो. लहान मेंदूच्या ऱ्हासात लय चुकते आणि शब्द तुटक पडतात. प्रेरक चेतापेशी नष्ट करणाऱ्या एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस) या रोगात उच्चार संथ व अनुनासिक होतो, मृदुतालू नीट न मिटल्याने ‘ब’ हा ‘म’सारखा ऐकू येतो, आणि तोंडात स्थिर ठेवलेल्या जिभेवरही बारीक स्फुरणे दिसतात.

कंपवाताच्या रुग्णाला आपला आवाज पुरेसा मोठाच वाटत असतो, त्यामुळे ‘मोठ्याने बोला’ असे घरच्यांनी वारंवार सांगून फारसे साधत नाही. लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाने हातापायांच्या हालचाली सुधारतात, तितका उच्चार सुधारेलच असे नसते. म्हणून आवाजाची पातळी स्वतः ओळखण्याचा सराव वाचाउपचारात करून घेतात. एएलएसमध्ये स्नायूंवर ताण देणाऱ्या व्यायामांपेक्षा संवादाच्या पर्यायी साधनांची तयारी महत्त्वाची ठरते, आणि रुग्णाचा आवाज स्पष्ट असतानाच ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास पुढे त्याच्याशी मिळताजुळता कृत्रिम आवाज तयार करता येतो.