टेबलची रचना दाखवणं, डेटा न दाखवता

डेटाबेसमधल्या टेबलची रचना, म्हणजे कॉलमची नावं, डेटा टाइप, की (key, रो ओळखणारे किंवा टेबलं जोडणारे कॉलम), इंडेक्स (शोध जलद करणारी सूची), कन्स्ट्रेंट (व्हॅल्यूंवरच्या अटी), एवढंच युजरला बघू द्यायचं आणि आतल्या रो, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, वाचू द्यायच्या नाहीत, त्यासाठीची ही परवानगीची पद्धत. रिपोर्ट बनवणारे, टेस्टर, बाहेरून आलेले डेव्हलपर यांना प्रॉडक्शनवरची, म्हणजे चालू कामाच्या डेटाबेसची, रचना लागतेच, पण लोकांचे पगार किंवा पेशंटचे रेकॉर्ड बघायचं त्यांना काहीच कारण नसतं, तरी बऱ्याच ठिकाणी सरळ सिलेक्टची, म्हणजे डेटा वाचायची, परमिशन देऊन मोकळे होतात आणि ते चुकीचंच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २००५ व्हर्जनपासून यासाठी व्ह्यू डेफिनिशन ही वेगळी परमिशन आहे. ती एका टेबलवर, स्कीमावर (टेबलं, प्रोसिजर वगैरेंचा गट) किंवा अख्ख्या डेटाबेसवर देता येते, सगळ्या सर्व्हरसाठी हवी असेल तर व्ह्यू एनी डेफिनिशन. ती मिळाली की मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचं टूल) टेबलं दिसतात, ती बनवायची क्रिएट स्क्रिप्टही निघते, पण सिलेक्ट चालवलं की एरर. एकेका युजरला देण्यापेक्षा रोल (परवानग्यांचा गट) बनवून त्याला स्कीमावर दिलेली बरी, मग नवीन टेबल आलं तरी परत ग्रँट करत बसावं लागत नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये उलटं आहे, तिथे सिस्टीम कॅटलॉग (रचनेची माहिती ठेवणारी टेबलं) मुळातच सगळ्यांना खुला, त्यामुळे नुसतं कनेक्ट होता आलं तरी रचना दिसते. मायएसक्यूएलमध्ये टेबलवर कुठलंही एक प्रिव्हिलेज असलं की शो क्रिएट टेबल (रचना दाखवणारी कमांड) चालतं, म्हणून सिलेक्टऐवजी रेफरन्सेस (त्या टेबलशी दुसरं टेबल जोडायची परवानगी) देता येतं.

ऑरॅकलमध्ये मात्र जपून. दुसऱ्याच्या स्कीमाची डीडीएल (टेबलं वगैरे बनवायच्या कमांड) काढायला सहसा सिलेक्ट कॅटलॉग रोल देतात, पण त्याच रोलमधून ऑप्टिमायझरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) स्टॅटिस्टिक्सही उघडी पडतात, कॉलमची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी व्हॅल्यू, व्हॅल्यू कशा विखुरल्यात ते दाखवणारा हिस्टोग्राम, आणि तो खराखुरा डेटाच असतो की!

रचनेतही डेटा लपलेला असू शकतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. चेक कन्स्ट्रेंटमधले आकडे, डिफॉल्ट व्हॅल्यू, लिस्ट पार्टिशनमधली (व्हॅल्यूंच्या यादीनुसार टेबलाचे केलेले तुकडे) ग्राहकांची नावं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्कीमावर ही परमिशन दिली की प्रोसिजरचा (डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्रामचा) कोडही दिसायला लागतो आणि त्यात कोणी पासवर्ड लिहून ठेवला असेल तर तोही गेला, तेव्हा कोड आधी तपासा नाहीतर परमिशन टेबलागणिक द्या. फारच नाजूक डेटा असेल तर फक्त रचनेचा डंप (फाइलमधली प्रत) काढून रिकामा डेटाबेस वेगळा उभा करतात, तो दर रिलीजला ताजा करावा लागतो.