माइल्ड एल संचातील वाढीव हॉप

घरगुती बिअरच्या तयार संचातून माइल्ड एल ही इंग्लंडमधील बिअरची जात करताना, डब्यातील अर्कात आधीच असलेल्या हॉपखेरीज (हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारे एका वेलीचे शंकू) आणखी थोडे हॉप बाहेरून घालण्याच्या पद्धतीला वाढीव हॉप घालणे असे म्हणतात. ही पद्धत ब्रिटनमधील घरगुती बिअरच्या परंपरेतली असून, तेथे १९६३ मध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारी परवान्याची अट रद्द झाल्यावर अशा संचांचा प्रसार झाला. संचातील डबा साधारणतः दीड ते पावणेदोन किलोचा असतो. त्यातील काकवीसारखा दाट अर्क मोड आणलेल्या जवापासून, म्हणजे माल्टपासून, काढलेला असतो आणि त्यात हॉपचा कडवटपणा आधीच उतरवलेला असतो. या अर्कात साखर किंवा जास्तीचा माल्ट, पाणी आणि यीस्ट मिळवले की सुमारे २३ लिटर बिअर होते. म्हणजेच बिअर किती कडू व्हायची हे डबा भरला तेव्हाच ठरलेले असते, आणि वाढीव हॉपचा सगळा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

नागपुरात ‘माइल्ड’ हा शब्द वाइन शॉपच्या काउंटरवर नेहमी ऐकू येतो, पण तेथे त्याचा अर्थ ‘स्ट्राँग नसलेली बिअर’ एवढाच असतो. इंग्लंडमधील माइल्ड एल ही वेगळी जात आहे. मुळात तेथे माइल्ड म्हणजे मुरवून न ठेवलेली, ताजी बिअर. महिनोन्‌महिने पिंपात राहून आंबूस झालेल्या जुन्या बिअरहून निराळी, एवढाच त्या शब्दाचा आशय होता. एकोणिसाव्या शतकातील माइल्ड चांगली कडकही असे. पहिल्या महायुद्धातील धान्यटंचाई आणि करवाढ यांमुळे तिची ताकद उतरत गेली, आणि आज ती बहुधा गडद तपकिरी, ३ ते ३.८ टक्के अल्कोहोलची, माल्टच्या गोडसर चवीवर उभी असलेली बिअर आहे. हॉप हे चवीबरोबरच बिअर टिकवण्याचेही साधन होते. जी बिअर काही आठवड्यांत संपणार तिला ते कमी लागत, आणि जी इंग्लंडहून जहाजाने हिंदुस्थानात यायची तिच्या पिंपात ते सढळ हाताने घातले जात. माइल्डमध्ये हॉप कमी असण्यामागे असे कारण आहे, आणि वाढीव हॉप घालणाऱ्याने ते विसरू नये.

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल आहे. वापरात येतात ते मादी वेलीवरचे, पाकळ्यांवर पाकळ्या चढलेले, हलके हिरवे शंकू. वाळलेला शंकू बोटांत चुरला तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी दिसते आणि तिचा वास हात धुतल्यावरही बराच वेळ बोटांना राहतो. तिला ल्युप्युलिन म्हणतात. हॉपचे सारे मोल या भुकटीत आहे, कारण तिच्यात दोन अगदी भिन्न प्रकृतीचे पदार्थ असतात: अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले. अल्फा आम्ले उकळल्याशिवाय पाण्यात नीट उतरत नाहीत. उष्णतेने त्यांच्या रेणूची रचना बदलते आणि मग कडवटपणा येतो. तेलांचे याच्या उलट आहे. जितके उकळावे तितकी ती वाफेबरोबर उडून जातात. सावजी रस्सा करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मसाला आरंभीच तेलात परततात, सांबार म्हणजे कोथिंबीर मात्र गंज चुलीवरून उतरवल्यावर घालतात.

कडवटपणाचा हिशेब साध्या गुणाकार-भागाकाराचा आहे. आंतरराष्ट्रीय कडवटपणा एकक, म्हणजे आयबीयू, हे ढोबळमानाने एका लिटरमागे बदललेल्या अल्फा आम्लाचे एक मिलिग्रॅम असे मानता येते. समजा, ५ टक्के अल्फा आम्ल असलेले २० ग्रॅम हॉप घेतले; त्यात १,००० मिलिग्रॅम आम्ल आहे. तासभर उकळल्यास त्यातील सुमारे पाव भाग बिअरमध्ये उतरतो, आणि २३ लिटरमध्ये ११ एककांची भर पडते. पंधरा मिनिटे उकळल्यास जेमतेम आठवा भाग उतरतो, आणि भर पाच एककांची होते. माइल्डचा कडवटपणा साधारण १० ते २५ एककांच्या दरम्यान असतो. डब्यातच वीसेक एकके असतील, तर तासभराच्या उकळीने बिअर माइल्डच्या मर्यादेबाहेर जाते. त्यामुळे माइल्डच्या संचात वाढीव हॉप घालायचे ते सुगंधासाठी, कडवटपणासाठी नव्हे.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क विरघळवून उकळी आणतात, आच बंद करून पाणी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की १५ ते २० ग्रॅम हॉपची मलमलीच्या कापडात सैल बांधलेली पुरचुंडी त्यात वीस-तीस मिनिटे ठेवतात, आणि तो काढा डब्यातील अर्कात मिसळतात. पुरचुंडी सैल हवी, कारण दाबून केलेली हॉपची गोळी ओली होताच फुगते आणि तिचा हिरवा चोथा होतो. करकचून बांधल्यास आतला भाग कोरडाच राहतो. नुसत्या पाण्याऐवजी माल्टचे पाणी घेण्याला कारण आहे. माल्टमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते. अल्कधर्मी पाण्यात हॉप शिजवले तर पाकळ्यांतील टॅनिन उतरून जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा येतो. बोअरच्या जड पाण्याची ज्यांना सवय आहे अशा नागपूरकरांना त्या पाण्यातल्या चहाची चव आठवली, तरी मुद्दा ध्यानात येईल. डब्यातला अर्क मात्र पुन्हा उकळत बसू नये, त्याने काहीच साधत नाही.

दुसरा मार्ग कोरड्या हॉपचा. किण्वनाचा, म्हणजे यीस्टने बिअर आंबवण्याचा, जोर ओसरल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, १० ते १५ ग्रॅम हॉप उकळून घेतलेल्या पुरचुंडीत भरून, बुडावी म्हणून आत स्टीलचा स्वच्छ चमचा ठेवून बिअरमध्ये सोडतात आणि तीन दिवसांनी काढतात. अधिक काळ ठेवल्यास कापलेल्या गवतासारखी चव येऊ लागते. हॉपमध्ये काही विकरेही (एन्झाइम) असतात. ती बिअरमधील न आंबलेल्या शर्करेचे तुकडे करून किण्वन पुन्हा सुरू करू शकतात. म्हणून बिअरमध्ये किती शर्करा उरली याचा अंदाज देणाऱ्या घनतामापकाचा आकडा सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटल्या भरू नयेत. घाई केल्यास बाटल्या फुटण्याचा धोका असतो.

हॉपच्या वाणांत फगल आणि ईस्ट केंट गोल्डिंग हे दोन जुने इंग्लिश वाण माइल्डला सर्वांत शोभतात. पहिल्याचा वास ओल्या मातीचा आणि लाकडाचा, तर दुसऱ्याचा मधाचा आणि फुलांचा असतो. कॅस्केडसारखे लिंबूवर्गीय गंधाचे अमेरिकी वाण भाजक्या माल्टशी जुळत नाहीत. त्यांच्यापुढे माइल्डची मूळ चव दबून जाते. त्याच कारणाने संत्र्याची वाळलेली साल घालण्याचा मोहही आवरावा. नागपुरी संत्र्याच्या सालीत सुगंधी तेल असते हे खरे, पण हॉपमधील अल्फा आम्ले तिच्यात नसतात आणि आतल्या पांढऱ्या भागाचा कडूपणा निराळ्याच जातीचा असतो.

हॉपला थंड हिवाळा आणि उन्हाळ्यातील लांबलचक दिवस लागतात. नागपूरचा सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच संपतो, त्यामुळे ही वेल येथे नीट फुलत नाही. भारतात तिची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात झाली आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरच्यापुरती केलेली बिअर त्याला अपवाद नाही. नागपूरकरांपैकी ही माहिती उपयोगी पडते ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्यांना, किंवा शिक्षण-नोकरीनिमित्त घरगुती बिअरला मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्यांना.

हॉपचा खरा शत्रू उष्णता. एलचे यीस्ट १८ ते २० अंशांत उत्तम चालते आणि हॉपचा गंधही तेव्हाच स्वच्छ राहतो. किण्वन तापले की यीस्ट स्वतःचेच फळांसारखे उग्र वास सोडते आणि दहा-पंधरा ग्रॅम हॉप त्यात हरवून जातात. मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात साध्या कपाटात ठेवलेले हॉप लवकर उतरतात: पिवळी भुकटी तपकिरी होते आणि सुगंधाऐवजी जुन्या चीजचा, पायमोज्यांचा म्हणावा असा वास येतो. असे हॉप थोडे जास्त घालून भागत नाही, ते टाकूनच द्यावे लागतात. हॉप हवाबंद पाकिटात, फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि फोडलेले पाकीट लवकर संपवावे. तयार बिअरलाही उन्हापासून जपावे लागते, कारण प्रकाशाने हॉपच्या कडू घटकांचे विघटन होऊन गंधकयुक्त, कुबट वास निर्माण होतो. तपकिरी बाटली तो बराचसा अडवते. हिरवी किंवा पारदर्शक बाटली काही मिनिटांच्या उन्हातही बिअर बिघडवू शकते.