हलशी (पलाशिका)

हलशी (पलाशिका) : कर्नाटक राज्याच्या बेळगाव जिल्ह्यातील एक प्राचीन नगर व कदंब राजांचे दुय्यम राजधानीचे ठिकाण. ते खानापूरच्या आग्नेयेस सुमारे १४ किमी.वर, नंदगडजवळ आहे.

येथे सापडलेल्या कदंब ताम्रपटांत गावाचे नाव ‘पलाशिका’ असे येते; ते पलाश म्हणजे पळसाच्या झाडावरून आले असावे. त्यापुढे पलसिगे, हलसिगे आणि हलशी अशी रूपे झाली. जुन्या कन्नडमधील आद्य ‘प’चा ‘ह’ होण्याची प्रक्रिया साधारणतः दहाव्या ते चौदाव्या शतकांदरम्यान झाली. बेळगावच्या बाजारात दुधाला ऐकू येणारा ‘हालु’ हा शब्दही असाच ‘पालु’पासून आलेला आहे. म्हणजे भोवतीच्या मराठी बोलीत झाडाचे नाव पळस राहिले, पण गावाचे नाव कन्नडच्या वाटेने आल्यामुळे त्यातील ‘प’ गेला. कन्नड ‘हलसु’ (फणस) या शब्दाचे जुने रूपही ‘पलसु’ असल्याने पलाशिका हे मूळ देशी नावाचे संस्कृतीकरण असावे, अशी शंका घेता येते. तथापि ताम्रपटांतील ‘श’कार पाहता पलाशाची व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक वाटते.

येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी सर्वांत जुना कदंब युवराज काकुस्थवर्म्याचा असून त्याने श्रुतकीर्ती या सेनापतीला भूमी दिल्याचा उल्लेख त्यात आहे. त्यातील ‘ऐंशीवे वर्ष’ कोणत्या गणनेचे, हा वाद जुना आहे. गुप्त संवत (गुप्त राजांची कालगणना) मानल्यास इ. स. ४०० च्या सुमाराचा काळ येतो. कदंब सत्तेच्या स्थापनेपासून मोजल्यास तो सुमारे पाव शतक पुढे सरकतो. एका माणसाच्या कारकिर्दीचे हे वर्ष असणे मात्र संभवत नाही.

पलाशिकेला ‘राजधानी’ म्हणताना थोडी सावधगिरी हवी. कदंब राजा मृगेशवर्म्याने येथे जिनालय (जैन मंदिर) बांधविले आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या जैन संघांना ३३ निवर्तने (जमीन मोजण्याचे प्राचीन माप) जमीन दिली, पण तो स्वतः वैजयंतीस (बनवासी) राहत होता. त्याचा पुत्र रविवर्मा याने कदंब कुळातीलच विष्णुवर्म्याचा वध करून व कांचीचा अधिपती चंडदंड याचा पाडाव करून पलाशिकेत ठाण मांडले, असे रविवर्म्याचा ताम्रपट सांगतो. तेव्हा मुख्य गादी बनवासीस आणि युवराजाचे वा प्रसंगी खुद्द राजाचे उत्तरेकडील ठाणे येथे, अशी व्यवस्था असावी.

सहाव्या शतकाच्या मध्यास बादामीच्या चालुक्यांनी कदंबांची सत्ता संपविली. पुढे नंतरच्या काळात उदयास आलेल्या गोव्याच्या कदंबांच्या वेळी ‘हलसिगे बारा हजार’ या प्रांताचे हे मुख्य ठिकाण होते. त्यांच्या काळातील (बारावे शतक) भूवराह-नरसिंह मंदिर गावात उभे आहे. त्याची दोन गर्भगृहे समोरासमोर असून मधल्या मंडपात एका देवाला नमस्कार करणाऱ्याची पाठ आपोआप दुसऱ्याकडे होते. शिखर पायऱ्यापायऱ्यांचे, कदंब धर्तीचे आहे. गावात सुवर्णेश्वर, कल्लेश्वर इ. मंदिरेही आहेत.