पूर ओसरल्यानंतर भिंतीत मुरलेले पाणी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या वस्त्यांमधील तळमजल्यांत पाणी शिरले. अशा पुराचा गाळ चार-आठ दिवसांत उपसला जातो. भिंतींनी शोषलेले पाणी मात्र त्यानंतरही अनेक आठवडे घरातच राहते आणि घरातल्या माणसांच्या श्वसनाला त्याचाच त्रास अधिक काळ होतो.

भाजलेली वीट सच्छिद्र असते. भारतीय मानकांनुसार सर्वसाधारण प्रतीच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी ती स्वीकारार्ह ठरते. म्हणजे ३ किलो वजनाची एक वीट अर्ध्या लिटरहून अधिक पाणी धरून ठेवू शकते. केशाकर्षणामुळे हे पाणी पुराच्या खुणेच्याही वर चढते. दोन दिवसांच्या उन्हाने गिलावा वरून कोरडा दिसू लागतो, पण आतली ओल हळूहळू बाहेर पडत राहते.

बुरशीला नेमकी हीच ओल हवी असते. तिचे बीजाणू साधारणपणे २ ते १० मायक्रॉन आकाराचे असून ते प्रत्येक घराच्या हवेत असतातच. प्लायवूड, पुठ्ठा, कापूस किंवा भिंतीवरची धूळ हे त्यांचे खाद्य, आणि या वस्तू ओल्या राहिल्या की २४ ते ४८ तासांत बीजाणूंना तंतू फुटू लागतात. ओट्याखालच्या कपाटाची मागची फळी काढून पाहावी: समोरून स्वच्छ पुसलेल्या कपाटामागे हिरवट-काळे, मखमली ठिपके एकमेकांत मिसळत गेलेले दिसतात. डोळ्यांना काही दिसण्याआधीच अनेकदा कुबट वास येऊ लागतो. धूप किंवा अगरबत्तीने तो वास झाकला जातो एवढेच. दम्याच्या रुग्णाला त्या धुराचा वेगळा त्रास होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये घरातील ओल व बुरशी यांचा खोकला, धाप, दम्याचे झटके आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांच्याशी असलेला संबंध नोंदवला आहे. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराच्या आठवणीमुळे नागपूरकरांना भिंतीवरचा काळा डाग पाहून धडकी भरणे स्वाभाविक आहे. परंतु तो आजार वेगळ्या गटातील बुरशीमुळे होतो, आणि डागाच्या रंगावरून त्याचा धोका ठरत नाही. तरीही ज्यांची रक्तातील साखर आटोक्यात नाही, ज्यांचे केमोथेरपीचे उपचार सुरू आहेत किंवा ज्यांचे अवयव प्रत्यारोपण झाले आहे, अशांनी, तसेच दमेकऱ्यांनी व लहान मुलांनी साफसफाईच्या काळात त्या खोलीत थांबू नये. घरात जागा नसेल तर त्यांना काही दिवस नातेवाइकांकडे ठेवणे हा उपाय माझ्या मते कोणत्याही औषधी फवाऱ्याहून मोलाचा आहे.

साफसफाई करताना बुरशी मारण्यापेक्षा ती काढून टाकणे महत्त्वाचे, कारण मेलेल्या बीजाणूंचीही ॲलर्जी होते. फरशी, काच, स्टील आणि पक्का गिलावा साबणाच्या पाण्याने घासून कोरडा करता येतो. कापसाच्या गाद्या, उशा आणि फुगलेले प्लायवूड यांत तंतू खोलवर गेलेले असतात. मन कितीही धजावत नसले तरी या वस्तू टाकून द्याव्यात. कोरडी बुरशी झाडूने झटकू नये, कारण त्यामुळे बीजाणू घरभर पसरतात. काम करताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि गॉगल वापरावा. ब्लीच वापरायचेच असेल तर ते बाथरूम धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनियायुक्त द्रावणासोबतही ते तितकेच घातक ठरते.

घर वाळवण्यासाठी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासल्यानंतरच पंखे सुरू करावेत. बुरशी दिसत असलेल्या खोलीत पंख्याचा झोत खिडकीतून बाहेरच्या दिशेने असावा. आपल्याकडे घरोघरी असलेला कूलर मात्र पाणी भरून चालवू नये, कारण तो हवेतील ओलावा वाढवतो, आणि आपल्याला तर घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणायची असते. ऑक्टोबरचे कोरडे ऊन या कामी फार उपयोगी पडते.

दिवाळी तोंडावर असल्यामुळे ओल्या भिंतीला घाईने प्लास्टिक पेंट लावला जातो. त्याच्या थरामागे ओल अडकते आणि पुढे पोपडे सुटून तेच डाग पुन्हा उमटतात. म्हणून आधी भिंतीच्या खालच्या भागावर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस-रात्र ठेवावा. त्याच्या भिंतीकडील बाजूवर पाण्याचे थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे, आणि रंगकाम पुढे ढकलणेच योग्य आहे. सणासाठी काही लावायचेच असेल, तर बुरशी काढलेल्या उघड्या गिलाव्यावर चुन्याचा हात द्यावा. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते आणि त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशी सहजासहजी वाढत नाही.