वन्य तृणभक्षकांच्या पचनमार्गातील संप्रेरक-पेशी

गवे, हरणे, झेब्रे अशा चरणाऱ्या वन्य प्राण्यांच्या जठर व आतड्यांच्या अस्तरात विखुरलेल्या, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी. आतड्याच्या अस्तरात त्यांचे प्रमाण जेमतेम एक टक्का असते. तरी सगळ्या एकत्र धरल्या तर शरीरातील सर्वांत मोठी अंतःस्रावी यंत्रणा हीच ठरते. बेलिस व स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये कुत्र्यावरील प्रयोगांतून सिक्रेटिन हे आतड्यातील संप्रेरक शोधले, तेव्हा या यंत्रणेचा पहिला धागा हाती लागला.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांत या पेशी कुठून सुरू होतात, हे पाहण्याजोगे आहे. कोठीपोट, जाळीपोट आणि पडदेपोट या पोटाच्या पहिल्या तीन कप्प्यांचे अस्तर त्वचेसारखे थरांचे असते, त्यात ग्रंथी नसतात. तिथे काम चालते ते सूक्ष्मजीवांचे. चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात आम्लग्रंथी येतात आणि त्यांच्याबरोबर या पेशीही दाटीने दिसू लागतात. त्याच्या आतड्याकडील टोकाला जी-पेशी गॅस्ट्रिन सोडून आम्ल वाढवतात, तर डी-पेशींचे सोमॅटोस्टॅटिन त्याला लगाम घालते. कोठीपोटातून चारा दिवसभर झिरपत येत असल्याने आम्लाचा स्राव सहसा थांबत नाही.

अशी एखादी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सुरईच्या आकाराची दिसते. तिचे निमुळते तोंड आतड्याच्या पोकळीत उघडून तिथले अन्न चाचपते, तर संप्रेरकाचे कण तळाशी, रक्तवाहिन्यांच्या बाजूला साठलेले असतात. जठरातल्या काही पेशी मात्र पोकळीपर्यंत पोहोचतच नाहीत.

आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, सिक्रेटिन, कोलेसिस्टोकायनिन व जीआयपी (इन्सुलिनचा स्राव वाढवणारे संप्रेरक) बनवणाऱ्या पेशी असतात. भूक आवरणारी संप्रेरके सोडणाऱ्या एल-पेशी शेषांत्र (लहान आतड्याचा शेवटचा भाग) व मोठ्या आतड्यात अधिक. झेब्र्याला पित्ताशय नसते, त्यामुळे ते आकुंचित करण्याचे कोलेसिस्टोकायनिनचे प्रसिद्ध काम तिथे उरत नाही. स्वादुपिंडाला चेतवण्याचे उरते.

या पेशींचा आजाराशीही संबंध आहे. खऱ्या पोटातील गोलकृमींमुळे आम्ल बनवणाऱ्या पेशी घटतात, रक्तातील गॅस्ट्रिन वाढते आणि प्राणी चरणे कमी करतो. पाळीव मेंढ्या-गुरांत हे नीट अभ्यासले गेले आहे.

वन्य प्राण्यांत खरी अडचण ऊतींची. मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर फार लवकर सडते, म्हणून नमुना ताबडतोब फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात जावा लागतो. पुढे ठराविक संप्रेरकालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवून प्रत्येक पेशी कोणते संप्रेरक बनवते ते ओळखतात. वय, ऋतू, चारा आणि आतड्याचा नेमका भाग नोंदवलेला नसेल, तर दोन प्रजातींतील पेशींच्या संख्येची तुलना करू नये.