जागा निघाली तरच नोकरी?

"जागा निघाल्याशिवाय आमच्या दिव्यांग पोराला कोण घेणार?" कुपवाड एमआयडीसीच्या आसपास पालक अजून हेच म्हणतात. हा गैरसमज आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं किमान ४ टक्के आरक्षण सरकारी पदांसाठी. खाजगी मालकाशी थेट कामाबद्दल बोलता येतं. समजा, सांगलीतल्या हळदीच्या पेढीवर दिवाणजीच नमुन्यांच्या पुड्या भरतो, चिठ्ठ्या चिकटवतो आणि हिशेब तुंबतो. तेवढंच काम वेगळं काढून, रोज चार तास, ते नीट जमणाऱ्या पोराला द्या म्हणायचं. मालकाचा जीव त्या तुंबलेल्या हिशेबातच अडकलेला असतो! म्हणून पहिल्या भेटीत बायोडाटा पुढे सरकवू नका. आधी गोदाम बघू द्या म्हणा, म्हणजे असं वेगळं काढण्याजोगं काम कुठलं ते कळेल. पगार तासांवर ठरवा, पण किमान वेतनाच्या दराखाली नको.