सिस्टरना राजकारण बंद? अर्धंच खरं आहे ते

गणपतीत गावी आले की वाडीतल्या ओटीवर एक वाक्य ठरलेलं, "सिस्टरांनी सुई टोचावी, राजकारण त्यांका कायद्यानंच बंद आसा." वर्षानुवर्षं ऐकतेय.

तर बंदी आहे ती सरकारी नोकरीतल्यांना, आणि ती नर्सच नाही तर क्लार्क, शिक्षक, डॉक्टर सगळ्यांनाच, महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ प्रमाणे, म्हणजे पक्षात जायचं नाही, प्रचार नाही, निवडणूक लढवायची नाही, मत मात्र बिनधास्त द्यायचं. नोकरी सोडली किंवा रिटायर झालात की मोकळे. किशोरी पेडणेकर आधी नर्स होत्या, २०१९ ला मुंबईच्या महापौर झाल्या, कोरोनात परत नर्सचा ड्रेस घालून मुंबईच्या नायर हॉस्पिटलला गेल्या (फोटो बघितला असेलच).

आणि धोरण म्हणजे काय फक्त पक्ष नि झेंडे? आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५८ मध्ये आकड्यांचे तक्ते मांडून दाखवलं की क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिक लढाईपेक्षा रोगराईनंच जास्त मेले, आणि त्याच जोरावर सरकारच्या मागे लागल्या. आपल्याकडे २०२३ मध्ये नर्सिंगचा नवीन कायदा आला, १९४७ च्या कायद्याच्या जागी, त्यात नर्सिंगसाठी राष्ट्रीय कमिशन आहे, आता त्या कमिशनवर कोण बसतंय हा नर्सनी विचारायचा प्रश्न नाही तर कोणाचा?

सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा ताप), तिकडे दोडामार्गला माकडताप (गोचीड चावून होणारा), पहिला तापाचा पेशंट बघते ती उपकेंद्रातली सिस्टरच. ग्रामसभेत तिने उठून सांगितलं की गोळ्यांचा स्टॉक संपत आलाय, तर ते राजकारण नाही हो, ड्युटी आहे ती.